जुन्या नाण्यांचे मूल्यनिर्धारण : सराफी बट्ट्यापासून संग्राहकांच्या बाजारापर्यंत
(मराठाकालीन चलनाच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

बीजसंज्ञा : नाणकशास्त्र, शिवराई, अंकुशी रुपया, बट्टा, दुर्मिळता, निखात निधी.

प्रस्तावना :

नाणे हे इतिहासाचे अत्यंत विश्वसनीय असे प्राथमिक साधन मानले जाते. राजाचे नाव, त्याची पदवी, टाकसाळीचे स्थान, कालगणना, लिपी आणि धातूचा कस अशी अनेक अंगांची माहिती एकाच लहानशा वस्तूतून मिळते. तथापि, जुने नाणे हाती आल्यावर सर्वसामान्य माणसाच्या मनात सर्वप्रथम उभा राहतो तो प्रश्न इतिहासाचा नसून किमतीचा असतो. ‘याचे किती येतील?’ हा तो प्रश्न होय. अभ्यासकांनी या प्रश्नाकडे बहुधा दुर्लक्ष केले आणि तो सराफ, व्यापारी व लिलावगृहे यांच्यावर सोपविला. वास्तविक नाण्याचे मूल्य कसे ठरते, हा प्रश्नही ऐतिहासिक आहे. प्रत्येक कालखंडात नाण्याची पारख करण्याची पद्धत बदलली आणि त्या बदलातून त्या काळाची अर्थव्यवस्था, राजसत्ता व समाजमन यांचे दर्शन घडते.

विशेष लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ज्या जुनेपणामुळे आज नाण्याची किंमत वाढते, त्याच जुनेपणामुळे पूर्वी ती घटत असे. मराठाकाळात जुन्या व झिजलेल्या रुपयावर सराफ बट्टा कापत असत. आज तोच रुपया त्यातील चांदीच्या किमतीहून अधिक दराने विकला जातो. हा उलटा प्रवास कसा घडला आणि त्यातून आजच्या मूल्यनिर्धारणाविषयी काय बोध होतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

उद्दिष्टे :

१) मराठाकालीन व्यवहारात नाण्याचे मूल्य ठरविण्याच्या पद्धतीचा आढावा घेणे.
२) एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत नाण्याचे मूल्य धातूपासून कसे विलग झाले, हे स्पष्ट करणे.
३) संग्राहकीय मूल्याचे प्रमुख घटक सोदाहरण मांडणे.
४) बाजारमूल्य, ऐतिहासिक मूल्य व कायदेशीर मूल्य यांतील विसंगतीची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ मध्ये मराठेशाहीतील चलन व टाकसाळी यांवर निबंध लिहून या विषयाचा पाया घातला. पुढे के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा मराठा टाकसाळी व नाणी यांवरील ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासपरंपरेतून पुढे आलेली माहिती, चलनविषयक कायदे आणि नाण्यांची प्रत्यक्ष लक्षणे यांचा आधार विवेचनासाठी घेतला आहे. बाजारभाव सतत बदलत असल्यामुळे विशिष्ट नाण्यांच्या किमती येथे दिलेल्या नाहीत. किंमत ठरविणाऱ्या तत्त्वांवर भर दिला आहे.

१. मराठाकालीन व्यवहारातील नाण्याचे मूल्य :

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी स्वतंत्र नाणी पाडली. सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही ती नाणी होत. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा देवनागरी मजकूर त्यांवर आढळतो. फारसी मजकुराची नाणी सर्वत्र रूढ असलेल्या काळात देवनागरी अक्षरे कोरणे ही सार्वभौमत्वाची स्पष्ट घोषणा होती. परंतु घोषणा एक आणि बाजारातील स्वीकार दुसरा, याची पूर्ण जाणीव महाराजांना होती. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने, मुंबईत पाडलेली इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत, असे कलम पुढे केले होते. त्यावर महाराजांच्या बाजूने मिळालेल्या उत्तराचा आशय असा होता की, कोणत्याही नाण्यास मनाई नाही; मात्र ज्या नाण्यात प्रजेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्ती करता येणार नाही; इंग्रजांचे नाणे कसाने व वजनाने मोगलांच्या नाण्याच्या तोडीचे असेल तर ते चालेल. राजाज्ञेने नाण्यास मूल्य येत नाही, ते कस आणि वजन यांमुळे येते, हे तत्त्व या उत्तरात स्वच्छपणे मांडले गेले आहे.

अठराव्या शतकात मराठी सत्तेचा विस्तार झाला, तसा चलनाचा व्यवहारही गुंतागुंतीचा झाला. मराठ्यांचे रुपये बहुतांशी मोगल बादशहाच्या नावानेच पाडले जात. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा बागलकोटी असे अनेक रुपये एकाच वेळी बाजारात असत. टाकसाळी चालविण्याचा परवाना खासगी व्यक्तींना दिला जाई. त्यामुळे कसात फरक पडे आणि हिणकस नाणी पाडल्याच्या तक्रारी सरकारदरबारी येत.

अशा परिस्थितीत नाण्याचे खरे मूल्य ठरविण्याचे काम सराफ आणि पोतदार यांच्याकडे आले. सराफाची परीक्षा साधी, पण कसोशीची होती. नाणे तराजूत तोलणे, दगडावर आपटून त्याचा नाद ऐकणे, कसोटीवर घासणे आणि शंका आल्यास त्यावर छिन्नीने छेद देऊन आतील धातू पाहणे, असे तिचे टप्पे होते. खणखणीत वाजणारे नाणे खरे आणि बद्द वाजणारे खोटे, हा संकेत मराठी भाषेतही रुजला. परीक्षेअंती ठरणारी तूट म्हणजे बट्टा. बट्ट्याची कारणे मुख्यत्वे तीन होती : कसातील कमतरता, झिजेमुळे घटलेले वजन आणि त्या मुलखात त्या नाण्याला असलेली मागणी. सरकारी भरणा ठरावीक चलनात करावा लागत असल्याने शेतकऱ्याकडील दुसऱ्या रुपयांवरील बट्ट्याचा भार अखेर त्याच्यावरच पडे.

मोगल व्यवहारात चालू सालाचा कोरा रुपया ‘सिक्का’ म्हणून पूर्ण मोलाने घेतला जाई, तर मागील सालांच्या रुपयांवर सूट कापली जाई. म्हणजे नाण्यावरील कालांक हा त्याचे मूल्य घटविणारा घटक होता. आजचा संग्राहक नेमका तोच कालांक भिंगाखाली शोधतो.

२. एकरूप रुपया आणि धातूपासून विलग झालेले मूल्य :

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यानंतरही पुण्याच्या टाकसाळीत अंकुशी रुपया काही वर्षे पाडला जात होता. १८३४ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने हिंदुस्थानातील विविध चलनांची वजने व कस यांची कोष्टके प्रसिद्ध केली. टाकसाळीत धातूची परीक्षा करणाऱ्या याच अधिकाऱ्याने पुढे ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. नाण्याकडे धातू म्हणून पाहणारी दृष्टी आणि पुरावा म्हणून पाहणारी दृष्टी एकाच व्यक्तीत एकत्र आल्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या संपूर्ण मुलखासाठी १८० ग्रेन (सुमारे ११.६६ ग्रॅम) वजनाचा व ११/१२ कसाचा एकच रुपया ठरविण्यात आला. यंत्रावर पाडलेला हा ‘कलदार’ रुपया मोजून घेता येऊ लागला. तोलण्याची गरज उरली नाही. स्थानिक रुपये हळूहळू सरकारी खजिन्यात गोळा झाले आणि वितळवून त्यांचे नवे रुपये पाडले गेले. मराठाकालीन रुपयांच्या आजच्या दुर्मिळतेचे एक प्रमुख कारण येथे सापडते.

१८९३ मध्ये खासगी चांदीचे रुपये पाडून देणे सरकारने बंद केले आणि रुपयाचे दर्शनी मूल्य त्यातील चांदीच्या मूल्यापासून विलग झाले. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. अशा रीतीने नाणे हे धातूचे मोल न राहता सरकारी वचनाचे चिन्ह बनले. चलनातून बाद झालेले जुने नाणे सराफाच्या दृष्टीने केवळ मोड ठरले. त्याच वेळी ते संग्राहकाच्या दृष्टीने वस्तू म्हणून मोलाचे होऊ लागले. आजच्या मूल्यनिर्धारणातील पेच या दोन दृष्टींच्या संघर्षातून निर्माण झाला आहे.

३. संग्राहकीय मूल्याचे घटक :

(अ) खरेपणा : नाणे खरे नसेल तर पुढील सर्व चर्चा निरर्थक ठरते. ओतीव बनावट नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे, कडेवर सांध्याची रेषा आणि अक्षरांच्या कडांत बोथटपणा दिसतो. ठोकून पाडलेल्या नाण्यात धातू दाबाने पसरलेला असतो. त्यामुळे अक्षरांना धार असते. शिवकालीन होनाच्या नकला मोठ्या प्रमाणावर आढळतात. तसेच राम, हनुमान, लक्ष्मी यांच्या प्रतिमा आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली १६१६, १७१७, १८१८ अशा सालांची तथाकथित नाणी अनेक घरांतील देवघरांत दिसतात. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. ती चलनी नाणी नसून अलीकडच्या काळात तयार केलेल्या काल्पनिक वस्तू आहेत. त्यांविषयीची श्रद्धा हा वेगळा विषय आहे, परंतु नाणे म्हणून त्यांचे मूल्य शून्य आहे.

(आ) निश्चित ओळख : शिवराई हे याचे उत्तम उदाहरण होय. शिवाजी महाराजांच्या नावाची शिवराई त्यांच्या निधनानंतरही दीर्घकाळ, अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडली जात होती. त्यामुळे ‘शिव’ हे नाव दिसले की नाणे शिवकालीन, असा निष्कर्ष काढता येत नाही. अक्षरांचे वळण, ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ असे लेखनभेद, मजकुरामधील रेषा, ठिपक्यांचे वर्तुळ आणि वजन यांवरून कालनिश्चिती करावी लागते. आडव्या दुहेरी रेषेची ‘दुदांडी’ शिवराई ही उत्तरकालीन असून ती विपुल प्रमाणात उपलब्ध आहे. प्रत्येक दुदांडी शिवराई ‘रायगडची’ म्हणून विकणे ही अज्ञानाची किंवा फसवणुकीची बाब ठरते.

(इ) दुर्मिळता : नाणे किती पाडले गेले यापेक्षा किती उरले, हे महत्त्वाचे असते. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया या संदर्भात बोलका आहे. राजाच्या झग्यावरील हत्तीची आकृती डुकरासारखी दिसते, अशी ओरड झाली. पाडलेल्या सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी सुमारे ७ लाख बाहेर पडली होती. उर्वरित वितळविण्यात आली. कथा रंजक असली तरी सात लाख ही संख्या लहान नव्हे. याउलट १९३९ सालचा चांदीचा रुपया अशा कोणत्याही कथेविना अत्यंत दुर्मीळ आहे. तसेच १८६२ हे साल असलेले व्हिक्टोरिया राणीचे रुपये प्रत्यक्षात १८७४ पर्यंत तेच साल ठेवून पाडले गेले. त्यांवरील ठिपक्यांच्या संख्येवरून प्रकार ओळखले जातात आणि एकच साल असूनही त्यांच्या किमतींत मोठे अंतर पडते. केवळ सालावरून किंमत सांगणे किती धोक्याचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

(ई) अवस्था : पाश्चात्त्य देशांत नाण्याची अवस्था १ ते ७० अंकांत मोजण्याची पद्धत १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकी सेंट नाण्यांसाठी मांडली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना ती सहज लागू पडते. हाताने ठोकलेल्या मराठा नाण्यांना मात्र ती जशीच्या तशी लावता येत नाही. या नाण्यांचा ठसा चकतीहून मोठा असल्याने एका नाण्यावर मजकुराचा काही भागच उमटतो. कमी झिजलेल्या पण टाकसाळीचे नाव कापले गेलेल्या रुपयापेक्षा, बराच हाताळलेला परंतु टाकसाळ, साल आणि अंकुशाची खूण स्पष्ट दाखविणारा रुपया अधिक मोलाचा ठरू शकतो.

सराफांनी मारलेल्या खुणांबाबतही असाच विचार करावा लागतो. संग्राहक त्या नाण्यातील दोष समजतो व किंमत कमी करतो. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र ते नाणे कोणा सराफाच्या हातून पारखले गेल्याचा तो पुरावा असतो. याच संदर्भात घरगुती सवयींचाही उल्लेख आवश्यक आहे. लक्ष्मीपूजनापूर्वी चिंच व रांगोळी लावून नाणी लखलखीत घासण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्यामुळे शतकभरात धातूवर चढलेला नैसर्गिक थर निघून जातो आणि अक्षरेही झिजतात. दागिन्यासाठी कडी जोडलेल्या नाण्याचीही बाजारातील किंमत घटते. पुतळ्यांच्या माळेतील ‘पुतळी’ मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यावरून आलेली आहे. त्या नाण्यावरील संत व गुडघे टेकलेला राज्यप्रमुख यांच्या आकृतींना येथे राम-सीतेचे रूप मिळाले. परकीय चलनाचे देशी अलंकारात झालेले हे रूपांतर सांस्कृतिक इतिहासाचा ठेवा असून अशा माळेचे मोल केवळ सोन्याच्या वजनावर करणे अन्यायाचे होईल.

(उ) मागणी व पूर्वेतिहास : शिवकालीन नाण्यांना महाराष्ट्रात भावनिक मागणी आहे. तितकेच दुर्मीळ असे दुसऱ्या एखाद्या छोट्या राजवटीचे नाणे मात्र अल्प किमतीस मिळते. नाणे कोणत्या संग्रहातून आले आणि कोणत्या ग्रंथात प्रसिद्ध झाले, याची नोंद असल्यास खरेपणाबद्दलचा विश्वास वाढतो व किंमतही वाढते.

४. बाजारमूल्य आणि ऐतिहासिक मूल्य : जोगळटेंभीचा दाखला :

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. नहपानाच्या मुखावर सातवाहनांचे पर्वतचिन्ह आणि उज्जयिनीचिन्ह उमटलेले पाहून गौतमीपुत्राने क्षहरातांचा पराभव केल्याचे निर्विवादपणे सिद्ध झाले. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात क्षहरात वंशाच्या उच्छेदाचा जो उल्लेख आहे, त्यास नाण्यांनी साक्ष दिली.

बाजाराच्या दृष्टीने हजारोंच्या संख्येत मिळालेले नाणे सामान्य होय. संख्या वाढली की किंमत उतरते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र संख्या हाच येथे पुरावा होता. पुनर्मुद्रित नाणी दहा-पाच असती तर तो अपवाद मानता आला असता. दोन-तृतीयांश साठा पुनर्मुद्रित असल्याने राज्यकर्त्याने जाणीवपूर्वक राबविलेले धोरण सिद्ध झाले. हा साठा सापडताच फुटून निरनिराळ्या सराफांकडे गेला असता, तर प्रत्येक नाण्याची चांदी शिल्लक राहिली असती, पण हे प्रमाण कायमचे नष्ट झाले असते. तात्पर्य, नाण्याचे ऐतिहासिक मूल्य त्या एकट्या नाण्यात नसून त्याच्या सापडण्याच्या संदर्भात असते आणि या मूल्याला बाजारात भाव नसतो.

५. कायद्याने ठरविलेले मूल्य :

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक करण्यात आले. निधीची वाटणी करावयाची झाल्यास, वेगळा करार नसेल तर, शोधणाऱ्यास तीन-चतुर्थांश आणि जमीनमालकास एक-चतुर्थांश हिस्सा देण्याची तरतूद आहे. शासनाने निधी स्वतःकडे घ्यावयाचे ठरविल्यास धातूची किंमत आणि त्यावर एक-पंचमांश अधिक रक्कम द्यावी, असे या कायद्यात म्हटले आहे.

ही तरतूद बारकाईने पाहिली असता तिच्यात सराफाचीच दृष्टी दिसून येते : धातू हे मूल्य आणि इतिहासासाठी वीस टक्के वाढ. सोन्याच्या बाबतीत ही रक्कम काहीशी समाधानकारक ठरेल. परंतु शिवराईसारख्या तांब्याच्या किंवा सातवाहनांच्या शिसे-पोटीनच्या नाण्यांच्या बाबतीत ती नगण्य ठरते. नांगराच्या फाळाला लागलेले मडके प्रामाणिकपणे शासनाकडे जमा करणाऱ्या शेतकऱ्यास मिळणारी रक्कम आणि बाजारात मिळू शकणारी रक्कम यांत मोठी तफावत राहते. अशा साठ्यांचे काय होते, हे सांगणे कठीण नाही. ते गुपचूप विकले जातात अथवा मुशीत वितळतात. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांची गणना पुरावशेषांत केली, त्यांची खासगी निर्यात रोखली आणि व्यापारासाठी परवाना आवश्यक केला. परंतु मूल्यनिर्धारणाचा मूळ प्रश्न त्याने सुटला नाही.

६. अज्ञानाचा बाजार :

मूल्यनिर्धारणाच्या ज्ञानाअभावी दोन प्रकारची हानी होते. एकीकडे खरोखर मोलाची नाणी मोडीच्या भावाने जातात, तर दुसरीकडे सर्वसाधारण नाण्यांना लाखो रुपये मिळण्याच्या आमिषाने सामान्य माणूस फसविला जातो. तांदूळ ओढून घेणाऱ्या ‘चमत्कारी’ नाण्याच्या नावाखाली फसवणूक झाल्याच्या घटना वेळोवेळी उघडकीस आल्या आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढून, जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारासाठी बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क, दलाली किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा दिला. बँक अशा व्यवहारांत भाग घेत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही, असेही तिने स्पष्ट केले. नाणे विकण्यासाठी विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागितले जात असतील, तर तो व्यवहार खोटा समजावा, ही साधी कसोटी येथे पुरेशी आहे.

निष्कर्ष :

१) मराठाकाळात नाण्याचे मूल्य कस, वजन व स्थानिक मागणी यांवर ठरत असे. जुनेपणा हे बट्ट्याचे कारण होते.

२) १८३५ चा एकरूप रुपया, १८९३ चा निर्णय आणि १९४० नंतरचा धातुबदल यांमुळे चलनी मूल्य धातूपासून विलग झाले आणि जुन्या नाण्याच्या संग्राहकीय मूल्यास वाव मिळाला.

३) संग्राहकीय मूल्य हे खरेपणा, निश्चित ओळख, उरलेली संख्या, अवस्था, मागणी व पूर्वेतिहास यांच्या एकत्रित विचारातून ठरते. केवळ साल किंवा प्राचीनता यांवरून काढलेली किंमत फसवी असते.

४) पाश्चात्त्य श्रेणीपद्धती हस्तमुद्रित भारतीय नाण्यांना तारतम्यानेच लावावी लागते.

५) ऐतिहासिक मूल्य हे साठ्याच्या अखंडतेत असते. बाजार व १८७८ चा कायदा या दोहोंत त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. शोधणाऱ्यास धातूऐवजी नाणकशास्त्रीय मूल्यावर आधारित मोबदला मिळाल्यास साठे वितळण्याचे प्रमाण कमी होऊ शकेल.

६) महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी परिसरातील कुटुंबांकडे असलेल्या नाण्यांचे वजन, व्यास, छायाचित्र व प्राप्तिस्थान यांची नोंद करण्याचे काम हाती घेणे आवश्यक आहे. नाणे मालकाकडेच राहील आणि त्याची माहिती अभ्यासासाठी जतन होईल. अशा नोंदीमुळे मालकास आपल्या वस्तूची ओळख पटेल आणि ती कवडीमोलाने विकण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.

सराफाने नाणे वाजवून पाहिले, कारण त्याला धातूची खात्री हवी होती. आजच्या अभ्यासकाला व संग्राहकाला त्याच कसोशीने नाणे वाचावे लागेल. नाण्याची किंमत चुकली तर एका व्यक्तीचे नुकसान होते. नाणे मुशीत गेले तर त्या प्रदेशाच्या इतिहासाचा पुरावाच नाहीसा होतो. यास्तव मूल्यनिर्धारणाचा प्रश्न केवळ बाजारावर न सोपविता इतिहास संशोधनाच्या कक्षेत आणणे अगत्याचे आहे.